कबड्डीत चढाई फसतेय? ओरडण्याआधी हे बघा

आपल्या कॉलेजची पोरं परभणीच्या मैदानात रिकाम्या हातानं परतायला लागली की माझा जीव तुटतो. पण नुसतं “अरे, जा की आत!” म्हणून भागत नाही.

चढाईपटूचे पाय बघा. निदान रेषा, म्हणजे मधल्या रेषेपुढची पहिली रेषा, ओलांडून तो कोपऱ्याकडं सरकतो, की मधेच घुटमळत 30 सेकंद घालवतो? समोर सहा-सात गडी असताना बोनस रेषेपलीकडं पाय टाकतो का? मागचा पाय तेवढा हवेत हवा, कोणाला शिवायचीही गरज नाही. असा गुण सोडणं मला अजिबात पटत नाही! दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर गडी बाद.

मध्यंतरात प्रशिक्षकांना शांतपणे सांगा, “सर, त्यांचा डाव्या कोपऱ्यातला गडी लवकर पुढं येतोय, दुसऱ्या पोराला पाठवून बघा.”