आडबाजूच्या घाटवाटांवर या चुका टाळा

पावसाळ्यात रविवारी पुणे जिल्ह्यातल्या मढे घाटाच्या धबधब्यापाशी उभं राहायला जागा नसते. तिथल्याच केळद गावाजवळून उपांड्या घाटाची वाट खाली कोकणात कर्णवाडीला उतरते आणि ती बरीच शांत असते. उपांड्यानं उतरायचं, मढे घाटानं चढून यायचं, हा एका दिवसाचा फेरा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत फार सुंदर. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव मढे घाटानंच त्यांच्या गावी, उमरठ्याला नेलं, असं सांगतात. पण अशा वाटांवर एक गोष्ट विसरू नये. गर्दीच्या किल्ल्यावर वाट चुकली तर मागून कोणीतरी हाक मारतं. इथे ती हाक येत नाही, म्हणून लहान चूकही वाढत जाते.

किल्ल्याचा हिशेब घाटवाटेला लावणं

किल्ल्याला चढ आधी, उतार नंतर. माथ्यावरून सुरू केलेल्या घाटवाटेच्या फेऱ्यात सगळं उलटं. सकाळी ताज्या पायांनी उतरतो आणि भर दुपारी, दमल्यावर, अख्खा चढ समोर उभा राहतो. त्यामुळे 'उतरायला दोन तास लागले, चढायलाही तेवढेच' हे गणित हमखास चुकतं. पायवाटेवर तासाला 3 किमी धरा आणि दर 300 मीटर चढाईला एक तास जादा. 12 किमी अंतर आणि 500 मीटर चढाई असेल तर साडेपाच-पावणेसहा तास झाले. जेवण, विश्रांती, वाट शोधणं यांचे दोन तास वेगळे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं. म्हणून सातला चालू लागा आणि दुपारी एकच्या आत चढाला लागा.

पाणी माणशी 3 लिटर, मार्चनंतर 4. पायथ्याच्या गावात बाटल्या पुन्हा भरल्याशिवाय चढाला हात घालू नका. वाटेतल्या ओढ्यांच्या भरवशावर राहू नका, जानेवारीत बहुतेक कोरडे पडलेले असतात.

ढोरवाटेला लागणं

वाट चुकण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. ढोरवाटही तितकीच मळलेली दिसते, पण ती डोंगराला आडवी जाते, फाटे फोडते, परत मिळते आणि गवताच्या एखाद्या टप्प्यावर विरून जाते. फांद्या डोक्याला, छातीला लागू लागल्या, दर दहा पावलांवर वाकावं लागलं, तर ती गुरांची वाट समजा. माणसांच्या वाटेवर कारवीचे दांडे कोयत्यानं तिरके छाटलेले दिसतात, कातळ पावलांनी घासून गुळगुळीत आणि फिकट झालेला असतो, चढावर दगड पायरीसारखे बसवलेले असतात. दहा मिनिटांत यातलं काहीच दिसलं नाही तर थांबा. शेवटची पक्की खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे जा. सगळ्यांनी तिथेच बसायचं आणि दोघांनी शिट्टी ऐकू येईल एवढ्याच अंतरात पुढची वाट पाहून यायची.

ओढा धरून खाली उतरणं

'पाणी खाली जातं, म्हणजे गाव लागेल' हा समज सह्याद्रीत जिवावर बेततो. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय. कठीण थराचा सरळ कडा होतो, मऊ थराचा झाडीभरला पदर. ओढा पदरात शांत वाहतो आणि कड्यावरून थेट खाली पडतो. आधीचा आठ-दहा फुटांचा कातळटप्पा आपण घसरत उतरतो, पुढचा पन्नास फुटांचा निघतो, आणि मागचा आता चढता येत नाही. अशाच जागी माणसं अडकतात. जुन्या घाटवाटा काही ठिकाणी नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतून, उतरतात हे खरं, पण ती नाळ पिढ्यान् पिढ्या पायाखालची असते. जो टप्पा परत चढता येणार नाही, तो उतरू नका.

मोबाइलच्या रेषेवर आंधळा विश्वास

नेटवरून उतरवून घेतलेला वाटेचा जीपीएस ट्रॅक कोणत्या महिन्यातला आहे ते पाहा. मे महिन्यात मोकळी असलेली वाट ऑक्टोबरात डोक्याएवढ्या गवतात बुडालेली असते. अरुंद नाळेत आकाश कमी दिसतं, त्यामुळे नकाशावरचा ठिपका बराच इकडेतिकडे उड्या मारतो. फोन विमान मोडवर ठेवा आणि पॉवर बँक जवळ बाळगा. मदतीसाठी 112 लावायचा तर आधी डोंगराच्या उघड्या धारेवर या, दरीत रेंज बहुतेक मिळत नाही.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, एकामागोमाग उतरू नका, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. कड्याला आग्यामाशांची पोळी दिसली तर धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर सगळं बंद.

गावात प्रश्न चुकीचा विचारणं

'मामा, हीच वाट ना कर्णवाडीची?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. 'मामा, कर्णवाडीची वाट कुठून सुटते? मध्ये फाटा कुठे लागतो?' असं विचारा, म्हणजे आंब्याचं झाड, देवाचा दगड, पाणवठा अशा खुणा मिळतात. गावकऱ्यांचा अर्धा तास म्हणजे आपला एक तास, हेही धरून चाला. गाडी ज्यांच्या अंगणात लावली त्यांना कुठून उतरणार, कुठून चढणार आणि किती वाजता परतणार ते सांगून जा. वर आल्यावर तोंड दाखवायला मात्र चुकू नका, नाहीतर अंधार पडल्यावर ती माणसं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला निघतील.