पेरिओची पोस्टिंग लागण्याआधी हिरडीच्या पेशी वाचून जा

बीडीएसच्या पहिल्या वर्षी आपण हिरडीची स्लाइड गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीनं रंगवतो, दुसऱ्या वर्षी जंतूंची नावं घोकतो आणि पेरिओ, म्हणजे हिरड्यांच्या आजारांचा विषय, येईपर्यंत दोन्ही धुऊन निघालेलं असतं. सोलापुरात शिकणाऱ्या ज्युनियरांना माझं सांगणं एवढंच, की हिरडीतल्या पेशी काय करतात ते आधी समजून घ्या, मग प्रोब (दात आणि हिरडीमधली खोली मोजायची खुणांची सळई) हातात धरा. नाहीतर केसपेपरवर नुसते मिलिमीटर भरत बसाल.

सुरुवात जंक्शनल एपिथेलियमपासून करा. हिरडीचा दाताला चिकटलेला हा थर वरच्या बाजूला पंधरा-तीस पेशी जाड असतो आणि खाली निमुळता होत जातो. पेशींमधल्या जागा सैल, त्यामुळे वरवर पाहता हा थर म्हणजे कच्चा दुवाच वाटतो. पण पांढऱ्या पेशींची ये-जा इथूनच होते. जंतूंची चाहूल लागली की पेशींवरचे जंतू ओळखणारे टोल-लाइक रिसेप्टर जागे होतात, पेशी इंटरल्यूकिन-८ हा रासायनिक निरोप सोडतात आणि त्याच्या मागावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून निघून दाताच्या कडेपर्यंत पोचतात. मिनिटाला साधारण ३०,००० न्यूट्रोफिल या वाटेनं तोंडात उतरतात, असं पुस्तकात मिळेल. शिवाय एपिथेलियम स्वतः डिफेन्सिन हे जंतू मारणारं प्रथिन बनवतं आणि चार-सहा दिवसांत कात टाकल्यासारखं नवं होतं. झडणाऱ्या पेशींबरोबर चिकटलेले जंतूही जातात.

फायब्रोब्लास्टवर बहुतेकजण 'कोलॅजन (हिरडीला घट्ट धरणारे तंतू) बनवणारी पेशी' असं लिहून पुढे सरकतात. तिथं थांबा. या पेशीही जंतू ओळखतात, इंटरल्यूकिन-६ आणि ८ सोडून मदत बोलावतात. सूज मात्र रेंगाळली, की याच पेशी कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स ओतायला लागतात. बचाव आणि नुकसान एकाच पेशीच्या हातून होतं, हे डोक्यात बसलं तर पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) कसा तयार होतो ते पाठ करावं लागत नाही. तोंडी परीक्षेत पोर्फायरोमोनास जिंजायव्हॅलिस हा हिरडीच्या आजाराचा जंतू निघालाच, तर तो इंटरल्यूकिन-८ ची हाकच दाबून टाकतो, हे जरूर सांगा.

दंतसंशोधक हॅराल्ड लो यांचा १९६५ चा प्रयोगही याच अंगानं वाचा. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज हा पेशींनी वेळेवर केलेला पुकारा असतो.

आता आपली ओपीडी. शहराच्या पूर्व भागातून तेलुगू बोलणारे येतात, अक्कलकोटकडून कानडी. प्रश्न विचारत बसण्यापेक्षा हातात आरसा द्या आणि हिरडीवर बोट ठेवून दाखवा. विडी ओढणारे काका हमखास म्हणतात, "रक्त कधीच येत नाय ओ डॉक्टर, हिरड्या एकदम टाईट हायत." हिरडी दिसतेही फिकट, जाडसर, शांत. प्रोब घातला की सहा मिलिमीटर आत, आणि बाहेर काढल्यावर टोकाला रक्ताचा ठिपका नाही. नवखा इंटर्न इथं 'रक्तस्राव नाही' लिहून खूश होतो. पण धुरानं न्यूट्रोफिलांचं काम मंदावतं, फायब्रोब्लास्ट मुळाला नीट चिकटत नाहीत आणि रक्तस्राव झाकला जातो. अशा तोंडात रक्त न येणं मला तरी जास्त काळजीचं वाटतं. सगळ्या दातांचं प्रोबिंग करा, एक्स-रे काढा, आणि साखर तपासली आहे का तेही विचारा. मधुमेहात हा सगळा बचाव आणखी बिघडतो.

स्केलिंग (दातांवरचा थर खरवडून काढणं) झाल्यावर काका विडी सोडायला तयार झाले, तर एक गोष्ट त्याच बैठकीत सांगून टाका. सोडल्यानंतर हिरड्यांतून आधीपेक्षा जास्त रक्त येऊ शकतं. हे आधी कानावर घातलं नाही, तर "विडी होती तेव्हा बरं होतं" म्हणून ते पुन्हा बंडल काढतील आणि पुढच्या तारखेला फिरकणारही नाहीत.