व्हीएमसी बसवताना: लेव्हलिंग आणि अलाइनमेंटची तयारी

जुनी व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) नव्या शेडमध्ये हलवताय किंवा पहिलंच मशीन घेताय, अशा लहान वर्कशॉपसाठी ही यादी आहे. डोळ्यांसमोर ८०० बाय ५०० मिमीच्या आसपासची, थ्री ॲक्सिस (एक्स डावी-उजवी, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली), बीटी ४० स्पिंडलची साधी व्हीएमसी ठेवली आहे. स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरणारा दांडा, बीटी ४० हे त्याच्या तोंडाचं माप. कंपनीचा इंजिनिअर येणार असला तरी वाचा. तो येण्याआधीची निम्मी कामं आपलीच असतात, आणि ती झालेली नसली की तो टेबलच्या मध्यावर लेव्हलचा बुडबुडा आणतो, रिपोर्टवर सही घेतो आणि निघतो.

आधी जमीन. मॅन्युअलमध्ये फाउंडेशनचं ड्रॉइंग असतं, त्यातली जाडी कंत्राटदाराच्या सांगण्यावरून कमी करू नका. सोलापूर, लातूरकडच्या काळ्या मातीवर शेड असेल तर माती काढून मुरुमापर्यंत जाणं भागच आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं काँक्रीट तिच्यासोबत हलतं. काँक्रीटला २८ दिवस पुरे द्या. फ्लोअरच्या सांध्यावर मशीनचा एकही पाय येता कामा नये. भिंतीपलीकडे पॉवर प्रेस असेल, आणि भोसरीत ती बहुधा असतेच, तर प्रेस चालू असताना जागेवर लेव्हल ठेवून बघा. बुडबुडा थरथरत असेल तर जागा बदला, नाहीतर मशीनचा ब्लॉक बाकीच्या फ्लोअरपासून सुटा ओता. पश्चिमेची खिडकीही पाहून घ्या. दुपारी तीननंतर कॉलमच्या (स्पिंडलचं हेड धरणाऱ्या उभ्या खांबाच्या) एका अंगावर ऊन पडलं की ती बाजू लांबते आणि कॉलम झुकतो. हा दोष सकाळी मोजताना सापडत नाही, म्हणून त्याच्यामागे लोक आठवडे घालवतात.

मग हत्यारं. गवंड्याची पाणसळ इथे चालत नाही; तिच्यावर मीटरला अर्धा मिलिमीटर कळला तरी पुष्कळ. आपल्याला एका रेघेला मीटरमागे ०.०२ मिमी दाखवणारी प्रिसिजन लेव्हल हवी, शक्यतो दोन. सोबत पपी डायल (छोट्या टोकाचा डायल इंडिकेटर), मॅग्नेटिक स्टँड, ३०० मिमीचं टेस्ट मँड्रेल (स्पिंडलमध्ये बसवायचा अचूक दांडा), काटकोन तपासायला ग्रॅनाइट स्क्वेअर आणि सिलिंड्रिकल स्क्वेअर, आणि एखादी स्लिप गेज (अचूक जाडीचा ठोकळा). स्क्वेअर विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या टूलरूममधून दोन दिवसांसाठी मागून आणा, पण कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट पाहून. ही सगळी हत्यारं आदल्या रात्रीच शेडमध्ये, मशीनजवळ आणून ठेवा. एसी रूममधून सरळ आणलेला स्क्वेअर पहिले काही तास खरं बोलत नाही.

लेव्हल स्वतः बरोबर आहे का, हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. ती ठेवा, वाचा, त्याच जागी १८० अंश फिरवून पुन्हा वाचा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच हाताला तितकाच सरकलेला असेल, तर तो जागेचा उतार. बाजू बदलली किंवा आकडा वेगळा आला, तर लेव्हलमध्येही दोष आहे आणि दोन वाचनांच्या सरासरीवरच चालावं लागेल. लेव्हल फक्त मुठींना धरायची आणि ठेवल्यावर बुडबुडा पूर्ण थांबू द्यायचा. हाताच्या उबेनेही आतला द्रव पसरतो आणि बुडबुडा आखूड होतो.

मशीनच्या कागदांत टेस्ट चार्ट असतो, तो शोधून काढा. सेकंडहँड मशीन घेताना हा कागद मागायचं बहुतेकांना सुचत नाही. अशा चाचण्यांचा पद्धतशीर आराखडा गेओर्ग श्लेझिंगर या जर्मन अभियंत्याने १९२७ मध्ये मांडला, आणि आजच्या आयएसओ चाचण्यांतही त्याची घडण ओळखू येते. मशीन फॅक्टरीतून निघताना कोणत्या तपासणीत किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आले होते, ते चार्टवर लिहिलेलं असतं. आपल्याला तिथवर परत जायचं आहे.

हायड्रा क्रेनने मशीन उतरवताना उचलण्याची जागा मॅन्युअलमध्ये दाखवली आहे तीच घ्या. टेबल, हेड आणि कॉलमला लावलेले ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट मशीन पायांवर उभं राहिल्यावरच काढायचे, पण ॲक्सिस हलवण्याआधी एकूण एक काढायचे. ते मोजून एका डब्यात ठेवा, पुढच्या स्थलांतराला लागतील. गंज न लागण्यासाठी लावलेला चिकट थर रॉकेल आणि स्वच्छ कपड्याने पुसा. थिनरने वायपरचं (गाइडवे पुसत राहणाऱ्या पट्टीचं) रबर खराब होतं. हवेचा फवारा कव्हरच्या आत मारू नका. टेबलवर ऑईलस्टोन हलक्या हाताने फिरवा, कारण एक खरचटलेला उंचवटा लेव्हलला सहज फसवतो. अर्थिंग, स्टॅबिलायझर, हवेचा दाब ही कामं इलेक्ट्रिशियनची; ती लेव्हलिंगच्या आधी उरकलेली असावीत, एवढंच.

आता मुख्य काम. मशीन पाण्यासारखं सपाट बसणं हा हेतू नाही. सगळं मशीन एका दिशेला किंचित कललं तरी ते अचूक काम करू शकतं. घात करतो तो पीळ. चार पायांवरचा कास्टिंगचा बेड एका कोपऱ्यात जास्त उचलला गेला की पिळतो, आणि त्यावरचे गाइडवे (टेबल ज्यांवर सरकतं ते मार्ग) त्याच्याबरोबर पिळतात. लेव्हल आपण वापरतो ती हा पीळ शोधायला.

पाय सहा किंवा आठ असले तरी सुरुवात चार कोपऱ्यांवरच करा, मधले सैल ठेवा. टेबल प्रवासाच्या मध्यावर आणून एक लेव्हल एक्सच्या दिशेने, दुसरी वायच्या दिशेने ठेवा आणि दोन्ही बुडबुडे मध्ये आणा. पायाचा बोल्ट किती फिरवायचा, हे अंदाजावर सोडू नका. बुडबुडा दोन रेघा सरकलाय म्हणजे मीटरला ०.०४ मिमी. पायांमधलं अंतर दीड मीटर असेल तर ०.०६ मिमी उचलायचंय. एम २० च्या जॅक बोल्टचा पिच, म्हणजे एका पूर्ण फेरीतला चढ, २.५ मिमी, म्हणजे बोल्ट जेमतेम नऊ अंश फिरवायचा. पान्याला लांब पाइप लावून झटके देणारे लोक इथेच दिवस वाया घालवतात. शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याची असू द्या. उतरवायचं असेल तर थोडं जास्त उतरवून मग वर आणा, म्हणजे पाय भाराखाली घट्ट बसतो.

मध्यावर जमलं की टेबल वायमध्ये पुढच्या टोकाला न्या, मग मागच्या. एक्सच्या दिशेची लेव्हल या प्रवासात बदलली तर बेडला पीळ आहे. पुढे उजवीकडे चढ दिसतो आणि मागे सरळ आहे, तर पुढचा उजवा पाय उतरवा. त्यानंतर एक्समध्ये दोन्ही टोकांना न्या आणि वायच्या दिशेची लेव्हल बघा. टेबल टोकाला गेलं की वजन सरकतं, त्यामुळे एक्सच्या दिशेची लेव्हल थोडी हलणारच; तिच्यामागे धावू नका. मधले पाय सगळ्यात शेवटी, बुडबुडा नुकता हलायला लागेल इतपतच टेकवा. चेकनट आवळल्यावर सगळं पुन्हा वाचा. आवळताना बदलतंच.

इथे थांबा. मशीन रात्रभर असंच राहू द्या. हा थांबा यादीतून सगळ्यात आधी गळतो, कारण गिऱ्हाइकाचा माल तोंडावर आलेला असतो. भोसरी-पिंपरीकडे असाल तर बुधवारी लेव्हल करून गुरुवारच्या सुट्टीत शेजारच्या प्रेस बंद असताना बारीक काम करता येतं.

दुसऱ्या दिवशी आधी स्पिंडल वेगवेगळ्या आरपीएमवर आणि तिन्ही ॲक्सिस पूर्ण प्रवासात वीस-तीस मिनिटं चालवा. लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ-दुपारचा फरक १० अंश गेला तर ८०० मिमीवर ९० मायक्रॉनच्या घरात जातो. तापमान कागदावर लिहून मगच मोजायला लागा.

एक्स-वायचा काटकोन ग्रॅनाइट स्क्वेअरने बघा: एक बाजू एक्सला शून्यावर लावा, दुसऱ्या बाजूवर वायने डायल फिरवा, मग स्क्वेअर उलटा करून पुन्हा. दोन वाचनांतून स्क्वेअरचा स्वतःचा दोष वेगळा पडतो. झेड सिलिंड्रिकल स्क्वेअरवर, पुढून आणि बाजूने. स्पिंडलचं रनआउट (फिरतानाचा डगमग) मँड्रेलवर, नाकाजवळ आणि ३०० मिमी खाली.

ट्रॅमिंगसाठी, म्हणजे स्पिंडल टेबलला काटकोनात आहे का हे पाहायला, डायल स्पिंडलला लावून १५० मिमी त्रिज्येने फिरवा. टेबलवरच्या टी स्लॉटच्या खाचेत टोक पडू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच स्लिप गेज खाली ठेवा. ३०० मिमीला ०.०२ मिमी आलं, तर ६३ मिमीच्या फेसमिलच्या (सपाटीकरणाच्या कटरच्या) दोन कडांत चार मायक्रॉनचा फरक पडतो. कल स्टेपओव्हरच्या (एका पासवरून पुढच्या पासवर सरकण्याच्या) दिशेने असेल तर दोन पासमधल्या पायऱ्या नखाला लागतात. फीडच्या (कटर कापत पुढे जाण्याच्या) दिशेने असेल तर पृष्ठभाग मध्ये किंचित खोल जातो. पण ट्रॅम बरोबर आला म्हणजे झेड बरोबर, असं नाही. स्पिंडल टेबलला काटकोनात आणि झेडचा प्रवास मात्र तिरका, असं होऊ शकतं. मग लांब टूल आणि आखूड टूल यांनी केलेली भोकं एका रेषेत येत नाहीत. हेडखाली शिम (पातळ पत्रा) घालण्याआधी झेड तपासलेला असलाच पाहिजे, आणि त्याआधी लेव्हल पुन्हा एकदा. काटकोनाची चूक खूपदा पिळातून आलेली असते.

सगळं जमल्यावर बॉलबार (मशीन गोलात फिरवून त्या गोलाची चूक मोजणारं उपकरण) भाड्याने मिळाला तर लावा. बॅकलॅश (दिशा उलटताना येणारी ढिलाई) आणि काटकोन दोन्ही एका गोलात दिसतात. नाही मिळाला तर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर चौकोन, त्यात गोल आणि चार कोपऱ्यांत भोकं करून मोजून घ्या. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं, तेव्हा ठोकळा थंड होऊ द्या.

नव्या फाउंडेशनवरची लेव्हल महिन्याने, मग तीन महिन्यांनी बघायची. काळ्या मातीच्या भागात मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर, दरवर्षी. आकडे, तारीख, तापमान आणि कोणता पाय किती फिरवला, हे मशीनच्या कॅबिनेटच्या दारामागे चिकटवलेल्या कागदावर लिहा. वहीत लिहिलं तर वही ऑफिसात राहते.