घरच्या अंजिराचा जॅम पातळच राहत होता, शेवटी असा जमला

कुंडीतल्या झाडाची छान पिकलेली अंजिरं, पण जॅम गार झाला तरी सरबतासारखा वाहायचा. साखर वाढवून पाहिली, जास्त आटवलं तर नुसता काळपट चिकट पाक, खूप वैताग आला. कमी होता आंबटपणा, अंजिरात आम्ल कमी आणि त्याशिवाय पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा घटक) धरतच नाही.

आता १ किलोत पाव भाग जरा कच्चट घेते, त्यात पेक्टिन जास्त (चीक हाताला खाजतो, ग्लोव्ज घालाच). चिरून ६०० ग्रॅम साखर लावून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी आधी ४ टेबलस्पून लिंबाचा रस आणि मगच गॅस, सतत ढवळत १०४-१०५ डिग्री सेल्सिअसपर्यंत. थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला, सुरकुती पडली की लगेच बंद.