कॉपरबँड बटरफ्लाय माशाला खायला कसं लावायचं

खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी जे मासे हौसेने आणले जातात आणि उपासमारीने जातात, त्यांत कॉपरबँड बटरफ्लायचा नंबर फार वरचा आहे. चंदेरी-पांढऱ्या अंगावर तांबूस केशरी उभे पट्टे, पाठीच्या परावर मागे डोळ्यासारखा काळा ठिपका आणि पुढे लांब, निमुळतं तोंड. मासा दिसायला इतका देखणा की दुकानात पाय अडखळतोच. घरी मात्र त्याच्यासमोर पेलेट पडत राहतात, फ्लेक्स तरंगत राहतात आणि तो बाजूने निघून जातो.

लोक याला नखरे म्हणतात. मला ते पटत नाही. अंदमान समुद्रापासून जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत हा मासा सापडतो, आणि तिथे खडकांच्या, प्रवाळांच्या फटींत तोंड खुपसून बारीक किडे, कोळंबीच्या जातीचे छोटे जीव, शिंपल्यांचं मऊ मांस टिपून खातो. वरून पडणारा कोरडा दाणा हे अन्न आहे, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: त्याला ओळखीचं अन्न ओळखीच्या जागी द्यायचं आणि तिथून हळूहळू आपल्या अन्नाकडे वळवायचं.

आधी मासा नीट निवडा

अर्धी लढाई दुकानातच जिंकली किंवा हरली जाते. दुकानदाराला सांगा, ‘माझ्यासमोर खायला घाला.’ खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ताजा आलेला मासा असेल तर थोडी आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर तिथेच राहू द्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

मासा समोरून बघा. पोट आत गेलेलं नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांच्या वर, डोक्यामागचा पाठीचा भाग. तो दोन्ही बाजूंनी खपाटीला गेला असेल तर मासा अंगातलं मांस जाळून जगतोय, आणि तिथून परत येणं कठीण असतं. श्वास धापा टाकल्यासारखा नको, तोंडाच्या टोकाला जखम नको. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे पकडण्याचा प्रकार बरीच वर्षं चालत आला आहे. असा मासा वरवर ठीक दिसतो आणि नंतर कारण न कळता खंगत जातो. दुकानात काही दिवस टिकून, खाऊन दाखवलेला मासा घेतला की हा धोका बराच कमी होतो.

पाणी आणि शेजारी तपासा

मासा खात नाही म्हटल्यावर पहिला हात टेस्ट किटकडे जाऊ द्या, खाण्याच्या डब्याकडे नंतर. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२४ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसलेल्या टँकचं पाणी सहज तिशी ओलांडतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि दमलेला मासा खात नाही.

टँक निदान चारशे लिटरचा हवा. मासा पूर्ण वाढीत वीस सेंटिमीटरपर्यंत जातो. टँग, डॅमसेल किंवा दुसरा बटरफ्लाय त्याच्या मागे लागत असेल तर कितीही चांगलं अन्न घाला, तो कोपऱ्यातून बाहेर येणार नाही.

म्हणून सुरुवातीला वेगळा क्वारंटाइन टँक, म्हणजे नव्या माशाला एकटं ठेवायचा छोटा टँक, उत्तम. तळ उघडा, आडोशाला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आधीच मुरलेला (उपयोगी जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर, तीन बाजूंना कागद आणि मंद दिवा. पहिला दिवस त्याला एकटं सोडा. पाठवण्याआधी पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून माशांना उपाशी ठेवतात, त्यामुळे तो आधीच भुकेला असतो. पण भूक असली तरी घाबरलेला मासा तोंड उघडत नाही. सारखं वाकून काचेतून बघणंही टाळा.

तिसऱ्यांचा उपाय

परदेशी लेखांत जिवंत ब्लॅकवर्म (पाण्यातले बारीक, गांडुळासारखे किडे) आणायला सांगतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पण मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्यांच्या हाताशी त्याहून चांगली गोष्ट आहे: मासळी बाजारातल्या तिसऱ्या. पुण्या-नाशकातही मोठ्या मासळी बाजारात मिळून जातात.

तिसऱ्या जिवंत घ्या. शिंपला घट्ट मिटलेला असावा, किंवा टिचकी मारल्यावर मिटावा. कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या खाडीतल्या असतील तर सोडून द्या, आणि कोळीण मावशींना माल कुठला ते विचारायला लाजू नका. घरी आणून मीठ-मसाल्याचा हात न लागता नळाखाली ब्रशने घासा, मग टँकसाठी कालवलेल्या खाऱ्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा, म्हणजे आतली वाळू सुटते. त्यानंतर थेट फ्रीझरमध्ये. गोठवल्याने बरेच परजीवी मरतात (सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून ताजेपणाला पर्याय नाही) आणि शिंपला उघडणंही सोपं होतं. उकडू नका. उकडलं की मांस आकसून रबरासारखं होतं आणि वासही जातो.

द्यायच्या वेळी एक तिसरी टँकच्याच पाण्यात वितळवा. सुरी घालून उघडा, वरची शिंप काढून टाका आणि मांस असलेली अर्धी शिंप पाइपच्या तोंडाशी किंवा दगडांच्या फटीत तिरकी अडकवा. मांस माशाच्या तोंडाच्या उंचीवर यायला हवं. मग लांब जाऊन बसा.

पुढे जे होतं ते बघण्यासारखं असतं. मासा आधी लांबून एक फेरी मारतो. दुसऱ्या फेरीत थबकतो, अंग तिरपं करतो, एका डोळ्याने शिंपेकडे बघतो, मग वळून दुसऱ्या डोळ्याने. पाठीवरचे काटे जरासे उभे राहतात. तोंडाचं टोक मांसाजवळ नेऊन मागे येतो, असं दोन-चारदा होतं. आणि मग एक बारीकसा झटका, मांसाच्या कडेचा तुकडा गायब. पहिला झटका आला की बहुतेक वेळा तो त्या शिंपेला सोडत नाही. हे पहिल्याच दिवशी होईल असं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ताजी शिंप ठेवत राहा, आणि तासा-दोन तासांत उरलेलं मांस काढून टाका. छोट्या क्वारंटाइन टँकमध्ये विसरलेली एक तिसरी रात्रीत अमोनिया वाढवू शकते.

तिसरीला हातच लावला नाही तर

मग हलणारं अन्न. आर्टेमिया, म्हणजेच ब्राइन श्रिम्प, या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची अंडी मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, तळापासून हवेचे बुडबुडे, २८ अंशांच्या आसपास तापमान आणि वर दिवा. साधारण चोवीस तासांत पिल्लं बाहेर पडतात. हवा बंद करून बाजूला दिवा धरला की ती उजेडाकडे गोळा होतात, टरफलं वर राहतात. पिल्लं गाळून, धुऊन लगेच द्या. अंगातला बलक संपत जातो तसा त्यांचा कस उतरतो. एवढ्याशा पिल्लांनी कॉपरबँडचं पोट भरत नाही, पण हालचाल बघून टिपायची सवय जागी होते, आणि सध्या तेवढंच हवं असतं. मिळाली तर मोठी जिवंत ब्राइन श्रिम्प अधिक चांगली.

लसणाच्या अर्काने भूक लागते असं अनेक जण ठामपणे सांगतात. फ्रोझन अन्नाला थोडा लावून बघायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

तिसरीवरून फ्रोझनकडे

नुसत्या तिसऱ्यांवर मासा ठेवता येत नाही. बऱ्याच शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. म्हणून तो रोज निर्धास्तपणे शिंप टिपू लागला की लगेच बदल सुरू करा. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, गोठवलेले मिळतात) वितळवून, गाळून, बारीक चिरलेल्या तिसरीच्या मांसात मिसळा आणि तेच मिश्रण रिकाम्या शिंपेत दाबून भरा. दर दोन-तीन दिवसांनी मायसिस वाढवा, तिसरी कमी करा. शिंप तीच, जागा तीच.

शिंपेतली नुसती मायसिस खाऊ लागला की लांब पिपेटने दोन-चार दाणे शिंपेच्या वर सोडा. तरंगता दाणा त्याने मध्येच टिपला की मोठा टप्पा पार झाला. मगच मुख्य टँकचा विचार करा, आणि तिथेही पहिले दिवस शिंप ठेवाच. इतर मासे धावून येतील, म्हणून त्यांना आधी दुसऱ्या टोकाला खायला घाला.

तोंड लहान असल्याने एका वेळी फार खाणं त्याला जमत नाही. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं हवं. मायसिसला आठवड्यातून दोनदा मत्स्यालयाचं जीवनसत्त्वांचं द्रावण लावा. एवढ्या खाण्याने नायट्रेट वाढतं, तेव्हा आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला.

खातोय, तरी वाळतोय

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर पोटात परजीवी असण्याची शक्यता आहे. प्राझिक्वांटेल किंवा मेट्रोनिडाझोल उपयोगी पडतात, पण कोणतं आणि किती ते जलचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून ठरवा. तांब्याची औषधं उगाच घालू नका. बटरफ्लाय मासे तांब्याला नाजूक असतात आणि त्याने भूक आणखी मरते.

हीच पद्धत सगळ्या हट्टी माशांना चालेल असं मात्र समजू नका. मँडरिन माशाला जुन्या, मुरलेल्या टँकमधले कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) लागतात. मेयर्स बटरफ्लाय आणि ऑर्नेट बटरफ्लाय जवळजवळ फक्त जिवंत प्रवाळ खातात. ते कितीही सुंदर दिसले तरी घेऊच नयेत. दुकानदाराने ‘खाईल हळूहळू’ म्हटलं तरीही.