पंपाचं डिझेल कमी करून ट्रकचं इंजिन कसं टिकवायचं

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे माझी ट्रकच्या इंजिनाला डिझेल देणारा पंप आणि ते फवारणारे नोझल तपासायची लॅब आहे. सत्तावीस वर्षं झाली. दारात गाडी लागली की बहुतेक मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मिस्त्री, पिकअप वाढवून द्या." सुरुवातीची बरीच वर्षं मी ते देतही होतो. आता देत नाही. उलट विचारतो, "डिझेल थोडं कमी करू का?"

ह्याचं कारण माझ्या फळीवर ठेवलंय. 2012 च्या मे महिन्यात एका मालकाच्या सांगण्यावरून मी त्याच्या दहाचाकीचा फुल लोडचा स्क्रू, म्हणजे पंप जास्तीत जास्त किती डिझेल सोडेल ते ठरवणारा, स्वतः वाढवून दिला. चौथ्या दिवशी चाकणला जाणारी पत्र्याची कॉइल घेऊन ती गाडी खंडाळ्याच्या चढावर बंद पडली. हेड खोललं तेव्हा मी समोर उभा होतो. पाचव्या पिस्टनच्या माथ्यावर, नोझलच्या फवाऱ्याच्या बरोबर खाली, करंगळी बसेल एवढा खड्डा. कडेचं अॅल्युमिनियम मेणबत्तीच्या ओघळासारखं खाली आलेलं आणि लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीवर, त्याच्या चंदेरी रेघा. हेडला दोन व्हॉल्वच्या मधोमध चीर. मालक मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. तो पिस्टन मी मागून घेतला. कोणी पिकअप मागितला की आधी तो हातात देतो.

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती पंप दर स्ट्रोकला किती डिझेल सोडतो त्यावर. हवा अडवायला पेट्रोलच्या गाडीसारखा पडदा नसतो. डिझेल वाढवलं की ताकद वाढते, पण एका मर्यादेनंतर हवा पुरत नाही. मग जळायचं राहिलेलं काळा धूर होऊन बाहेर पडतं, आणि जे उशिरा जळतं त्याची उष्णता पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व आणि टर्बोला (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला) सोसावी लागते. डिझेल उतरवलं, म्हणजे कमी केलं, आणि हवा होती तेवढीच ठेवली, की हेच सगळं उलट दिशेला जातं. कंपन्याही हेच करतात. कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन ट्रकमध्ये दिसेल, जनरेटरवर दिसेल आणि बोटीतही दिसेल. प्रत्येक ठिकाणी पॉवर वेगळी बांधलेली असते, आणि ज्याला तासन्‌तास सलग लोड ओढायचाय त्याला कमी.

आता मालकांची भीती. गाडी घाटात रांगेल. हिशोबच करू. 25 टनांची गाडी, 150 हॉर्सपॉवर, आणि 20 मीटरला 1 मीटर असा 10 किलोमीटर सलग चढ धरा. चाकापर्यंत पोहोचेस्तोवर जी ताकद मरते ती वजा केली तर गाडी ताशी साडेचोवीस किलोमीटरच्या आसपास चढते. डिझेल 12 टक्क्यांनी उतरवलं तर साडेएकवीसच्या आसपास. म्हणजे अख्ख्या चढाला साडेतीन मिनिटं जास्त. तेवढा वेळ जेएनपीटी बंदराच्या गेटवर नुसत्या रांगेत जातो.

मात्र हे काम कोणत्या गाडीला करायचं ते आधी बघा. हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या, बीएस-3 (बीएस म्हणजे धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे) आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे. वॉरंटी संपलेली हवी, कारण पंपाचं सील तोडावं लागतं. बीएस-4 च्या बहुतेक आणि बीएस-6 च्या गाड्यांत डिझेल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे बाहेरून डबी लावणाऱ्या किंवा सॉफ्टवेअर बदलणाऱ्या माणसाला गाडीजवळ उभं करू नका. बीएस-6 ला तर सायलेन्सरमधलं डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी) आणि युरियाची यंत्रणा पुरेसा गरम धूर मिळाला तरच नीट चालते, त्यामुळे तिथलं गणितच वेगळं. पण अशा बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर हलका, मध्यम आणि जड लोडचा स्विच असतो. कंपनीने पॉवर कमी करायची सोय बटणावर दिलीय, आणि माझ्या बघण्यातले निम्मे ड्रायव्हर ते बटण कायम जडवर ठेवतात, रिकामी गाडी असली तरी. तुमच्याकडे नवी गाडी असेल तर तुमचं काम एवढंच: लोड बघून स्विच बदला.

जुनी गाडी असेल तर पंपाला हात लावायच्या आधी बाकीचं तपासा. एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होस आणि क्लॅम्प, टॅपेट (व्हॉल्वची फट), रेडिएटरची जाळी. होस फाटून हवा गळत असेल तर काळा धूर त्यामुळे येतोय. तिथे डिझेल कमी करून धूर झाकला तर रोग तसाच राहील. नोझल काढून टेस्टरवर फवारा बघा. फवाऱ्याऐवजी थेंब पडत असेल तर तो नोझल पिस्टन जाळणारच, डिझेल कितीही उतरवा.

शक्य असेल तर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा होतो तिथे) पायरोमीटर, म्हणजे धुराचं तापमान दाखवणारा काटा, बसवून घ्या. टर्बोच्या नंतर बसवलेला काटा शंभरेक अंश कमी दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. भरलेल्या गाडीने खोपोलीहून खंडाळा चढून काटा कुठवर जातो ते लिहून ठेवा. सलग चढावर 650 अंशांच्या वर गेलेला मला चालत नाही.

मग पंपाचं डिझेल उतरवायचं. हे काम गाडीवर, स्क्रू अंदाजाने फिरवून, आवाजावर करायचं नाही. 2012 ला मी तेच केलं होतं. पंप काढून टेस्टिंगच्या मशीनवर चढवायचा, टेस्टिंग ऑइल कंपनीच्या तक्त्यात सांगितलेल्या तापमानाला येऊ द्यायचं, आणि सहाही नळ्यांची डिलिव्हरी मोजायची. मशीन थांबलं की नळीतला फेस बसायला अर्धा मिनिट द्या, मग डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचा. घाईत वरून वाचलं की दीड-दोन सीसीची चूक होते. आधी सहा एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल देणारे पंपातले भाग) एकमेकांशी जुळवून घ्या, कारण एकच सिलिंडर जास्त पीत असेल तर जळतो तोच. ते झालं की फुल लोड उतरवायचा. समजा तुमच्या पंपाच्या तक्त्यात 1000 स्ट्रोकला 65 सीसी दिलेत, तर मी 57-58 वर आणतो. 10 ते 12 टक्के. त्याहून खाली जाऊ नका. ड्रायव्हर वैतागतो, गियर चुकीचे टाकतो आणि मिळवलेलं घालवतो.

वरचे आरपीएमही (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) उतरवतो. गव्हर्नर, म्हणजे ठरलेल्या आरपीएमला डिझेल तोडणारा पंपाचा भाग, 2500 ला तोडत असेल तर 2200-2300 ला. पिस्टन वर-खाली होताना कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगला जे झटके बसतात ते आरपीएमच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतात. 2500 चे 2200 केले तर आरपीएम 12 टक्के कमी, पण झटका जवळजवळ 23 टक्के कमी.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, मागे घेऊ नका, त्याने ताकद कमी होते पण धूर जास्त गरम होतो. टर्बोचा दाब कमी करू नका, हवा हीच तर आपली बचत. सकाळच्या स्टार्टिंगचं जादा डिझेल वेगळं बांधलेलं असतं, ते तसंच राहू द्या. पंप परत बसवताना टायमिंगच्या खुणा जुळवा, आणि नवं सील मारून घ्या.

पुढचं काम ड्रायव्हरसोबत, आणि ते मी टाळत नाही. गेल्या वर्षी बीडकडचे एक ड्रायव्हर मामा फार नाराज होते. म्हणाले, "मिस्त्री, गाडीचा जीव काढला तुम्ही." मी त्यांच्या शेजारी बसून खंडाळ्यापर्यंत गेलो. ते जुन्या सवयीने वरच्या गियरमध्ये गाडी हजार-अकराशे आरपीएमपर्यंत दाबत होते. तिथे टर्बो हवा देत नाही, इंजिन कण्हतं, बेअरिंगवर सगळा भार येतो. मी म्हटलं, "मामा, आरपीएमचा काटा चौदाशेच्या खाली जायच्या आधी गियर टाका, सतराशे-अठराशेवर राहू द्या." दोन वळणांनंतर त्यांनी आपणहून गियर खाली घेतला. वर पोहोचलो तेव्हा पाण्याचा काटा मध्यावर होता, आणि मामा मला तो बोटाने दाखवत होते.

उताराचं वेगळं सांगतो. गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर तो काही करू शकत नाही. 2200 ला बांधलेलं इंजिनही उतारावर चुकीच्या गियरमध्ये 3000 ला जाऊ शकतं. म्हणून ज्या गियरने चढला त्याच गियरने उतरा. घाट संपल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्या, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळत नाही.

डिझेल वाचेल म्हणून हे करणार असाल तर आधीच सांगतो, फार वाचणार नाही. तेवढंच वजन तेवढ्याच उंचीवर न्यायला तेवढंच काम लागतं. धुरात जाणारं थोडं वाचेल. फायदा आहे तो लायनर-पिस्टन, हेड आणि टर्बोच्या आयुष्यात. आणि ओव्हरलोड भरत असाल तर माझ्याकडे येऊच नका, ते नुकसान पंप उतरवून भरून निघत नाही.

पाच हजार किलोमीटरनंतर तोच घाट, तेवढाच लोड घेऊन पायरोमीटर पुन्हा वाचा आणि पीयूसी काढून घ्या. शेवटचं काम माझ्या लॅबमध्ये मी स्वतः करतो. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावतो: तारीख, फुल लोड किती सीसी, गव्हर्नर किती आरपीएमला, टायमिंग कंपनीचं. त्याखाली लाल पेनाने लिहितो, "पंप मुद्दाम कमी केला आहे, मालकाला विचारल्याशिवाय वाढवू नये." कारण गाडी कोल्हापूरला किंवा हुबळीला कुठेतरी उभी राहते, तिथला मिस्त्री चांगल्या मनानेच स्क्रू फिरवतो.