जुन्या सागरी डिझेल इंजिनातले ऑइल नेमके जाते कुठे?

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीच्या काळात ससून डॉकपासून वर्सोवा-मढपर्यंतच्या बोटी शाकारल्या जातात आणि वर्षभर पुढे ढकललेली इंजिनाची दुखणी याच दिवसांत बाहेर येतात. त्यांतली एक तक्रार नेहमीची आहे: प्रत्येक फेरीत ऑइल कमी होते, वरून टाकावे लागते, पण ते कुठे गेले हे कोणालाही सांगता येत नाही. अशा वेळी बहुतेक मिस्त्री रिंग (पिस्टनवरच्या कड्या) बदलण्याचा सल्ला देतात आणि इंजिन जुने असल्याने नाखवालाही तो पटतो. माझे मत असे आहे की, ऑइलची वाट सापडेपर्यंत हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) नटाला पाना लावू नये. ऑइल गळते, जळते, कूलरमधून (ऑइल पाण्याने थंड करणाऱ्या भागातून) पाण्यात जाते किंवा ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) बाहेर फेकले जाते, आणि यांपैकी तीन वाटा इंजिन न उघडता तपासता येतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. भाऊच्या धक्क्यावरच्या एका सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला चार-पाच लिटर ऑइल कमी होत असे. मी लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि रिंग बदलल्या, नाखवाचा मोठा खर्च झाला, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेवढेच ऑइल गेले. दोष ऑइल कूलरच्या एका नळीत होता. तो शोधायला एक दिवस पुरला असता.

पहिले काम मोजण्याचे

डिपस्टिकवरचा आकडा बोट कशी उभी आहे यावर अवलंबून असतो, आणि मुंबईच्या खाड्यांमध्ये ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. उधाणाच्या दिवसांत इथले पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, आणि ओहोटीला चिखलात टेकलेली बोट एका अंगावर कलते. त्या अवस्थेत घेतलेला आकडा आणि भरतीला तरंगत्या बोटीत घेतलेला आकडा यांत दोन-तीन लिटरचा फरक सहज दिसू शकतो. बर्फ भरून निघालेली बोट आणि रिकामी परतलेली बोट यांचा पुढे-मागे झुकाव वेगळा असतो, त्यामुळे जाताना आणि येताना केलेली तुलनाही फसवी ठरते. म्हणून बोट तरंगत असताना, दर वेळी शक्यतो सारखेच वजन असताना, इंजिन बंद करून १५ मिनिटे थांबल्यावर ऑइल पाहावे, आणि वहीत तारीख, इंजिनाचे तास, भरलेले डिझेल आणि वरून टाकलेले ऑइल लिहावे. ऑइल डब्याच्या अंदाजाने न ओतता मापाने टाकावे.

ऑइलचा खप तासांपेक्षा डिझेलशी ताडून पाहणे अधिक खरे असते, कारण तास सारखे असले तरी इंजिनावरचा भार सारखा नसतो. मर्यादेचा आकडा इंजिनाच्या पुस्तकात मिळतो. तो हाताशी नसेल, तर जुन्या इंजिनाच्या बाबतीत डिझेलच्या अर्धा टक्का ऑइल लागणे चालवून घेता येते आणि एक टक्क्याजवळ पोहोचले की कारण शोधलेच पाहिजे, असा ठोकताळा मी वापरतो. ६०० लिटर डिझेलच्या फेरीत तीन लिटर ऑइल लागणे ही जुन्या इंजिनाच्या वयाची गोष्ट आहे. सहा लिटर लागत असेल तर तो दोष आहे.

डिपस्टिकही तपासावी. जुन्या बोटीत ती कधी तरी बदललेली असते, शिवाय इंजिन शाफ्टच्या दिशेने मागे उतरते बसवलेले असल्याने मूळ खुणा जुळत नाहीत. ऑइल बदलताना फिल्टरसह पुस्तकातले नेमके माप भरावे, इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे, १५ मिनिटांनी पातळी पाहावी आणि तिथे नवी खूण करावी. खूण चुकून वर असेल, तर चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) गरजेपेक्षा जास्त भरला जातो, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ऑइलवर आपटतो आणि फेसाळलेले ऑइल ब्रीदरमधून बाहेर जाते. अशा इंजिनाची ओळख सोपी आहे: त्यातले ऑइल वरच्या खुणेपासून ठरावीक पातळीपर्यंत भराभर उतरते आणि मग तिथेच टिकते. ती पातळी खालच्या खुणेच्या वर आणि ऑइलचा दाब नीट असेल, तर काही फेऱ्या तिथेच ठेवून पाहावे. पुष्कळदा दुखणे तिथेच संपते.

याच्या उलट, ऑइल अजिबात उतरत नसेल किंवा वाढत असेल, तर ते अधिक गंभीर आहे. फीड पंपाचा फाटलेला पडदा, फ्युएल पंपाचे झिजलेले सील किंवा टॅपेट कव्हरखाली (हेडवरच्या झाकणाखाली) असलेली नोझलची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाची) परतीची नळी यांतून डिझेल चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि खरी घट झाकली जाते. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास येतो आणि गरम इंजिनाचा दाब नेहमीपेक्षा कमी दिसतो. पाणी मिसळल्याचा संशय असेल, तर गरम तव्यावर ऑइलचा एकच थेंब टाकावा. पाणी असल्यास तो तडतडतो. थेंब उडतो, म्हणून डोळ्यांवर चश्मा असावा आणि हे काम इंजिनरूमबाहेर करावे.

बाहेरची गळती

इंजिनाखाली काळे पाणी साचलेले असताना गळती शोधता येत नाही. बोटीच्या तळातले तेलकट पाणी आधी ड्रममध्ये उपसून घ्यावे. ते साबणाची पावडर टाकून पंपाने बंदरात सोडू नये. साबणाने तवंग दिसेनासा होतो, पण ऑइल पाण्यातच राहते, आणि त्याच पाण्यातून आपली जाळी वर येतात. हे ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावे.

त्यानंतर ब्लॉक आणि चेंबर पुसून कोरडे करावेत, संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा आणि खाली पांढरा पुठ्ठा पसरावा. इंजिन गरम होईपर्यंत चालवून बंद करावे आणि पावडरीवर उमटलेली ओल सर्वांत वर कुठे सुरू होते ते पाहावे. ऑइल खाली वाहते आणि पंख्याच्या किंवा पुलीच्या वाऱ्याने मागे पसरते, त्यामुळे जिथे थेंब पडतो ती जागा दोषाची असेलच असे नाही. इतके करूनही सापडले नाही, तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग आणि अतिनील टॉर्च यांचा उपयोग होतो.

जुन्या बोटीत मी तीन जागा सर्वांत आधी पाहतो. पहिली जागा म्हणजे पत्र्याच्या चेंबरचा तळ, जो वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्याच्या ओलाव्यात राहून गंजतो. गंजाच्या पापुद्र्याखाली सुईएवढे छिद्र असते आणि ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावरच ते पाझरते. तिथे हात पोहोचत नाही, म्हणून आरसा आणि टॉर्च वापरावी. दुसरी जागा ऑइल प्रेशर गेजकडे जाणारी तांब्याची नळी, जी कंपनाने एखाद्या पट्टीवर घासून झिजते आणि इंजिन चालू असतानाच बारीक फवारा सोडते. इंजिन बंद केल्यावर इथे काहीच दिसत नाही, म्हणून ती चालू इंजिनात, पट्टा आणि पुलीपासून दूर उभे राहून, पुठ्ठा धरून तपासावी. फवाऱ्यासमोर हात धरू नये. तिसरी जागा क्रँकचे मागचे सील. अनेक जुन्या इंजिनांत इथे रबरी सीलऐवजी दोरीचे पॅकिंग किंवा शाफ्टवर कोरलेले उलटे आटे असतात, आणि या आट्यांचे काम शाफ्ट फिरत असतानाच चालते. इंजिन फार उतरते बसवलेले असेल किंवा आतला वाफेचा दाब वाढला असेल, तर ते ऑइल रोखू शकत नाहीत. फ्लायव्हील हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून थेंब येत असेल, तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे रंगावरून आणि वासावरून ठरवावे; त्याच वेळी गिअरबॉक्सची पातळी पाहावी, कारण ती वाढलेली असेल तर इंजिनाचे ऑइल मधल्या सीलमधून तिकडे गेलेले असू शकते.

मागचे सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स काढावा लागतो. तो खर्च करण्याआधी ब्रीदर काढून धुवावा. ब्रीदरची जाळी काजळीने बंद झाली, की रिंगजवळून खाली येणाऱ्या वायूला वाट राहत नाही आणि तो प्रत्येक सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. केवळ ब्रीदर साफ केल्याने तीन ठिकाणची गळती एकदम थांबलेली मी पाहिली आहे. आतल्या वायूचा हा दाब मोजायचा असेल, तर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरावे, एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवावे आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक लिहून ठेवावा. मर्यादा पुस्तकावरून पाहावी, पण त्याहून उपयोगी गोष्ट ही आहे की, त्याच वेगाला आणि त्याच भाराला दर दोन महिन्यांनी हा आकडा घेतल्यास रिंगची झीज डोळ्यांसमोर राहते.

ऑइल कूलर

डिझेलचा हिशेब लिहिला, बाहेरून काही सापडले नाही आणि धूरही निळा नाही, अशा वेळी माझा संशय सरळ कूलरवर जातो. चालू इंजिनात ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन-चार किलोच्या आसपास असतो आणि थंड करणाऱ्या पाण्याचा त्याहून फार कमी. त्यामुळे नळीला छिद्र पडले, की ऑइल पाण्यात जाते. कूलरमधून थेट समुद्राचे पाणी फिरत असेल, तर ते ऑइल बोटीबाहेर पडते आणि बोटीच्या पंख्याने (प्रोपेलरने) उठवलेल्या फेसात कोणाला दिसत नाही. मग ऑइलमध्ये पाणी का सापडत नाही, हा प्रश्न नाखवा हमखास विचारतात. कूलर पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल आणि इंजिन बंद झाल्यावर त्यातले पाणी उतरून जात असेल, तर आत शिरायला पाणीच उरत नाही. वर सांगितलेल्या इंजिनात मी नेमका इथे फसलो. कूलर पातळीखाली असेल, तर मात्र रात्रभर उभ्या बोटीत पाणी चेंबरमध्ये येऊ शकते.

गोडे पाणी फिरवणारे इंजिन असेल, तर टाकीचे झाकण इंजिन थंड झाल्यावर उघडावे. आत तपकिरी, लोण्यासारखा थर दिसला तर कूलर किंवा हेड गॅस्केट यांपैकी एक दोषी आहे. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत, भरतीच्या शांत पाण्यात बोट बांधलेली असताना इंजिन चालवावे, बाहेर पडणारे पाणी स्वच्छ बादलीत धरावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवून तवंग पाहावा. ओला एक्झॉस्ट असेल, तर पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळण्याआधी धरावे, नाहीतर काजळी आणि न जळलेले डिझेल यांचाही तवंग दिसतो.

खात्रीसाठी कूलर काढावा, पाण्याची बाजू उघडी ठेवावी, ऑइलच्या बाजूला बुचे बसवून हवेचा दाब द्यावा आणि कूलर पाण्याच्या पिंपात बुडवावा. दाब पुस्तकाप्रमाणे असावा आणि पुस्तक नसेल तर इंजिनाच्या नेहमीच्या ऑइल दाबाच्या वर जाऊ नये. पाणी गरम असेल तर बारीक छिद्रही उघडते, आणि बुडबुडे पाहण्यासाठी अर्धा तास थांबण्याचा धीर ठेवावा. एखाद-दुसरी नळी फुटली असेल तर ती दोन्ही टोकांना बंद करून मोसम काढता येतो. अधिक नळ्या गेल्या असतील तर नवा संच बसवणेच योग्य. कूलरमध्ये जस्ताची कांडी असेल तर ती अर्धी झिजताच बदलावी, कारण ती संपली की खारे पाणी नळ्यांना खाऊ लागते.

जळणारे ऑइल

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) असलेल्या इंजिनात हवेची नळी उघडून आत बोट फिरवावे. ओलसरपणा चालेल, पण ऑइल साचलेले असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोची परतीची नळी आधी साफ करावी, आणि टर्बो त्यानंतर काढावा.

धुराचे निरीक्षण सकाळच्या पहिल्या स्टार्टपासून करावे. रात्रभर उभ्या इंजिनाने सुरुवातीला निळा धूर सोडला आणि तो नंतर कमी झाला, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) ऑइल उतरते आहे. भार वाढवल्यावर निळा धूर वाढत असेल आणि ब्रीदरमधूनही वाफ येत असेल, तर दोष रिंग-लायनरचा आहे. हेड काढण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून प्रत्येक सिलिंडरचे तोंड पाहावे. कोरडी काजळी ठीक आहे, ओले काळे तोंड ज्या सिलिंडरचे असेल तोच दोषी. त्या सिलिंडरचे नोझल तपासावे, कारण ठिबकणारे नोझल लायनरवरचे ऑइल धुऊन टाकते आणि नव्या रिंगही लवकर खराब करते. मग सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) घेऊन एकमेकांशी ताडावे.

आपल्याकडे एका सवयीचा फार त्रास होतो. धक्क्यावर रांगेत थांबताना, रात्री दिव्यांसाठी किंवा बॅटरी चार्ज करण्यासाठी इंजिन तासन्‌तास मंद चालवले जाते. भार नसल्याने रिंग लायनरवर पुरेशा दाबाने बसत नाहीत, लायनरच्या भिंतीवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि ऑइल खरवडून खाली आणण्याचे काम होत नाही. अशा इंजिनाच्या रिंग मोजल्या तर मापात भरतात. नुकताच दोष सुरू झाला असेल, तर काही तास चांगल्या भारावर चालवून फरक पडू शकतो. नाहीतर लायनरला होनिंग (भिंत घासून बारीक तिरपे ओरखडे पाडणे) करून नवीन रिंग बसवाव्या लागतात. होनिंग न करता जुन्या गुळगुळीत लायनरमध्ये नव्या रिंग बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

रिंग बसवल्यावर पहिले तास मंद चालवून इंजिनाला जपावे, असे अनेकांना वाटते, पण त्यानेच तो थर पुन्हा चढतो. इंजिन गरम झाल्यावर त्याला लवकर मध्यम भारावर घ्यावे, भार अधूनमधून बदलावा, लांब मंद चाल टाळावी आणि पहिले ऑइल पुस्तकात दिलेल्या तासांना बदलावे. सुरुवातीला खप थोडा जास्त दिसतो. नारळी पौर्णिमेनंतरच्या तीन-चार फेऱ्यांचे डिझेल आणि ऑइल त्याच वहीत लिहावे, आणि आकडा अजूनही जुन्याच जागी असेल तर कूलर पुन्हा पिंपात बुडवावा.